प्रोजेक्टचा प्रस्ताव कसा लिहावा? (अकरा पाठवले, दोनच झाले)

गच्चीवरचं_ऊन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मित्राबरोबर सोलर बसवायचं काम सुरू केलं. मी इलेक्ट्रिकलवाला, तो फॅब्रिकेशनमधला. धायरीत गाळा घेतलाय. बंगल्यांची कामं ओळखीतून येतात आणि नीट पार पडतात. पण धंदा म्हणून उभं राहायचं तर सोसायट्या आणि छोटे कारखाने मिळायला हवेत. तिथे ओळख पुरत नाही, लेखी प्रस्ताव लागतो. गेल्या दिवाळीपासून अकरा पाठवले. दोन झाले, त्यातला एक मामाच्या सोसायटीचा, म्हणजे तो धरायलाच नको.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते कर्वेनगरच्या एका सोसायटीचं. दोन संध्याकाळी गच्चीवर टेप घेऊन मापं काढली. टाकीची सावली चार वाजता कुठवर येते, पाच वाजता कुठवर, ते खडूनं आखून ठेवलं. चौतीस पानी प्रस्ताव दिला. काम दुसऱ्याला गेलं आणि त्याचा दर माझ्यापेक्षा चाळीस हजारांनी जास्त होता. चेअरमनना फोन केला तर म्हणाले, "तुमचंही चांगलंच होतं हो, पण त्यांचं आम्हाला कळलं."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. माझ्या प्रस्तावात पहिली तीन पानं आमची माहिती, मग सौर ऊर्जेचं महत्त्व, मग पॅनेल-इन्व्हर्टरच्या डेटाशीट, सिंगल लाइन डायग्राम, स्ट्रक्चरचं ड्रॉइंग, अटी-शर्ती आणि शेवटच्या पानावर दर. नेटवर मिळालेल्या नमुन्यावरून बेतलंय. जाणकारांनी मोकळेपणानं सांगा, काय चुकतंय?

मुठेकाठी

वाचतोय. इंटिरियरच्या कामात माझीही हीच रड आहे. प्रतिसादांची वाट पाहतोय.

कोथरूडची_सचिव

मी अशा प्रस्तावांच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणून सविस्तर लिहिते. आमची साठ बिऱ्हाडांची सोसायटी आहे, मी तिसरं वर्ष सचिव. शाळेत मराठी शिकवते, विजेतलं मला काही कळत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे सोलरचे चार प्रस्ताव आले होते.

ते कुठे वाचले जातात ते आधी सांगते. रात्री साडेनऊची वेळ. पार्किंगमधल्या दोन गाड्या बाहेर काढून टाकलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, वर एक ट्यूब. समितीचे सात जण, त्यातले दोघं थेट ऑफिसातून आलेले, अजून जेवायचे आहेत. चारही प्रस्तावांची एकेकच प्रत, ती हातोहात फिरते. ज्याच्यासमोर डेटाशीटचं पान येतं तो ते उलटून पुढच्याच्या हातात देतो. दहा मिनिटांत सगळे शेवटच्या पानावरचा आकडा शोधायला लागतात, कारण तेवढंच वाचता येतं. मग चार आकडे एका चिठ्ठीवर उतरवले जातात आणि चर्चा त्या चिठ्ठीवर होते. तुमच्या खडूच्या रेघा तिथवर पोचतच नाहीत.

आता याहून महत्त्वाचं. निर्णय समितीचा नसतो. इतक्या मोठ्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, आणि त्या सभेत तुम्ही नसता. तिथे मी उभी असते, समोर पन्नासेक सभासद. तुमचा प्रस्ताव तुम्ही मांडत नाही, मी मांडते. मला समजलं असेल तेवढंच मी सांगणार. ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कागदात नाही तिथे मी गप्प होणार. सचिव गप्प झाली की "पुढच्या सभेत बघू", आणि पुढची सभा म्हणजे पुढचं वर्ष.

सभेत आलेले प्रश्न माझ्या वहीत आहेत, तसेच उतरवते.

सातव्या मजल्यावरचे काका: गच्चीला भोकं पाडणार का? माझ्या बेडरूममध्ये गळलं तर पैसे कोण देणार?

एक सुनबाई: दर एप्रिलला आमच्या कुरडया-पापड्या गच्चीवर वाळतात. जागा राहणार का?

खजिनदार: पैसे एकदम द्यायचे की टप्प्यानं? अनुदान आधी मिळतं का नंतर?

एक निवृत्त गृहस्थ: तुमची ही कंपनी पाच वर्षांनी राहिली नाही तर इन्व्हर्टरला कोण हात लावणार?

भाडेकरू ठेवलेले एक सभासद: मी इथे राहत नाही, मला काय फायदा?

कुरडयांचा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. गच्ची त्यांचीही आहे आणि मत त्यांचंही आहे. आमच्याकडे ज्यांना काम मिळालं त्यांनी गच्चीचा साधा नकाशा दिला होता. पॅनेलची जागा निळी, टाकी साफ करणाऱ्याची वाट पिवळी आणि एक मोकळा चौकोन, त्यावर "वाळवण व कपडे, ९०० चौ. फूट" असं लिहिलेलं. तो कागद मी भिंतीला चिकटवला आणि अर्धी सभा तिथेच शांत झाली. त्यांचा दर सगळ्यांत कमी नव्हता. पण माझ्या वहीतल्या पाचपैकी चार प्रश्नांची उत्तरं त्यांच्या पहिल्या दोन पानांत होती, तीही मला मोठ्यानं वाचून दाखवता येतील अशा मराठीत.

अजून एक, वेळेबद्दल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी काढावी लागते. विषयपत्रिकेवर विषय घ्यायचा तर समितीनं तो ऑगस्टमध्ये वाचलेला हवा. बरेच जण दिवाळीच्या तोंडावर प्रस्ताव आणून देतात. तेव्हा आमच्या हातात काहीच नसतं.

गच्चीवरचं_ऊन

ताई, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून गाळ्यात लावला आहे, खरंच. माझे अकराच्या अकरा प्रस्ताव मी माझ्यासारखा इंजिनिअर वाचेल असं धरून लिहिले होते.

एक शंका आहे. तांत्रिक भाग काढून टाकायचा का? ड्रॉइंग नसलं तर "यांना काम येत नाही" असं वाटेल याची मला धास्ती आहे.

कोथरूडची_सचिव

काढू नका, मागे ठेवा. आमच्या समितीतही एक निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी मागची पानं बारकाईनं वाचली आणि सभेत उठून सांगितलं, "मी पाहिलंय, ठीक आहे." त्या एका वाक्यासाठी ती पानं हवीतच. फक्त माझ्या आणि उत्तरांच्या मध्ये ती येऊ नयेत.

परचेसवाला_चाकण

चाकणच्या एका वाहन सुट्या भागांच्या कारखान्यात बारा वर्षं परचेसला आहे. सचिवताईंनी जे सांगितलं तेच आमच्याकडे वेगळ्या कपड्यांत घडतं.

तुमची ऑफर आली की मी कंपॅरिटिव्ह बनवतो. एक्सेलमध्ये डावीकडे मुद्दे, उजवीकडे पुरवठादारांचे रकाने. माल उतरवून घ्यायला क्रेन कुणाची? कामाच्या वेळी वीज कुणाची? मचाण कुणाचं? राडारोडा कोण उचलणार? डिलिव्हरीचे आठवडे कधीपासून मोजायचे, पीओच्या (खरेदी आदेशाच्या) तारखेपासून की अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून? वॉरंटी माल आल्यापासून की चालू झाल्यापासून? ऑफर किती दिवस ग्राह्य?

ज्या रकान्यात उत्तर सापडत नाही तिथे मी "उल्लेख नाही" लिहितो. तीन पुरवठादारांतल्या एकाच्या रकान्यात सहा वेळा "उल्लेख नाही" असेल, तर त्याचा दर कितीही कमी असो, प्लांट हेड म्हणतात, "हा नंतर एक्स्ट्रा मागेल." आणि बहुतेक वेळा मागतोच! म्हणून आमच्या कामात काय येत नाही हे धडधडीत लिहा. नवीन लोकांना वाटतं, असं लिहिलं तर ऑफर कमजोर दिसेल. माझा अनुभव उलटा आहे. "क्रेन आपली, बाकी सगळं आमचं" असं लिहिणाऱ्यानं आधी एखादं काम केलेलं आहे हे मला तिथेच कळतं.

दुसरी गोष्ट. खर्च मंजूर करून घ्यायला मला वर एक पानाची नोट पाठवावी लागते. आत्ता अडचण काय आहे, ती महिन्याला किती रुपयांना पडते, हा उपाय का, पैसे किती दिवसांत वसूल होतील. ही नोट मी रात्री साडेसातला लिहितो. ज्याच्या ऑफरमधून हे चार परिच्छेद जसेच्या तसे उचलता येतात त्याची नोट आधी जाते. गेल्या वर्षी कन्व्हेयरच्या एका कामात भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपनं लिहिलं होतं, "सध्या एका पाळीत दोन माणसं ट्रॉली ढकलण्यात अडकतात आणि पाळी बदलताना वीस मिनिटं लाइन थांबते." तो माणूस आमच्या शॉप फ्लोअरवर घड्याळ लावून उभा राहिला होता. ते वाक्य मी न बदलता वर पाठवलं.

पैशांचंही सांगतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर तिचा क्रमांक पहिल्या पानावर टाका. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातच आहे. पण २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली, की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. तेव्हापासून आमचं अकाउंट्स अशा पुरवठादारांची यादी वेगळी ठेवतं. फुकटचा फायदा आहे, घ्या.

मुठेकाठी

काका, दर पहिल्या पानावर लिहावा की शेवटी? मला सगळे सांगतात, आधी कामाचं मोल पटवून द्या, मग दर सांगा.

परचेसवाला_चाकण

मोठ्या कंपनीत प्रश्नच येत नाही. टेक्निकल वेगळ्या पाकिटात, कमर्शियल वेगळ्या पाकिटात. टेक्निकलमध्ये चुकूनसुद्धा दर दिसू देऊ नका, ऑफर बाद होऊ शकते. सोसायटीचं ताई सांगतील.

कोथरूडची_सचिव

पहिल्या पानावर. शेवटी ठेवलात तर आम्ही शेवटचं पान आधी उघडतो, एवढंच होतं. पण आकडा एकटा ठेवू नका. सदनिकेमागे किती पडतात ते शेजारी लिहा. अकरा लाख ऐकून माणूस दचकतो आणि तिथून पुढचं ऐकत नाही.

पासबुक

बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पुणे जिल्ह्यातल्या शाखांत. वरचं सगळं पटलं. पण धाग्याचं नाव "प्रोजेक्टचा प्रस्ताव" आहे आणि उद्योजकाला दोन तऱ्हेचे प्रस्ताव लिहावे लागतात. एक गिऱ्हाईकाला आणि एक बँकेला. बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टबद्दल थोडं लिहितो, कारण माझ्या टेबलावर आलेल्या रिपोर्टांत माणसाचा धंदा क्वचित दिसायचा.

ओळखायची खूण सांगतो. क्षमतेचा वापर पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. पिठाची गिरणी असो, बेकरी असो, सीएनसी मशीन असो, आकडे हेच. हा तयार साचा असतो, त्यात नुसतं नाव बदलतात. मी समोरच्याला विचारायचो, "साठच टक्के का?" उत्तर नसायचं. आणि ते खरंही होतं, कारण आकडा त्याचा नव्हताच.

एका तरुणाचा रिपोर्ट आठवतो. मसाला दळायचा पल्व्हरायझर, दहा हॉर्सपॉवरचा. कोटेशन होतं, जागेचा भाडेकरार होता, पाच वर्षांचा नफा-तोटा होता, सगळं बांधून व्यवस्थित. जागा पाहायला गेलो तर मीटर सिंगल फेजचा. एवढ्या मोटरला थ्री फेज लागतो, त्यासाठी महावितरणकडे अर्ज, वाढीव भार, अनामत रक्कम आणि वेळ लागतो. यातलं काहीही रिपोर्टात नव्हतं, ना पैसे ना महिने. त्याचा पहिला हप्ता मशीन सुरू होण्याआधीच पडला असता. कर्ज मी नाकारलं नाही. त्याला परत पाठवलं, विजेचा खर्च प्रकल्प खर्चात घालायला लावला आणि हप्ता सुरू व्हायच्या आधीची सवलतीची मुदत वाढवून मागायला सांगितली. पुढे ते कर्ज व्यवस्थित फिटलं.

बँक पाहते ते मुख्यतः हे. वर्षभरात करानंतर उरलेला नफा, त्यात घसारा (यंत्रांची वर्षाला धरलेली झीज) आणि कर्जावरचं व्याज मिळवायचं, आणि त्याला त्या वर्षीच्या हप्ता अधिक व्याजानं भागायचं. याला डीएससीआर म्हणतात, म्हणजे कमाईतून कर्जाची परतफेड कितपत भागते त्याचं प्रमाण. दीडच्या आसपास असला की आम्ही निर्धास्त, एकाला टेकला की एखादा महिना वाईट गेला तरी हप्ता थकणार. हा आकडा सीएकडून करून घ्यायला हरकत नाही, पण विक्री दहा टक्क्यांनी कमी झाली तर तो कुठे जातो हे स्वतः करून पाहा आणि रिपोर्टात लिहा. ज्यानं स्वतःहून वाईट वर्षाचा हिशोब मांडलेला असायचा त्याच्यावर माझा विश्वास आधी बसायचा.

खेळत्या भांडवलाचं, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशांचं, गणित बरेच जण विसरतात. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राप्रमाणे लघुउद्योगाची खेळत्या भांडवलाची गरज अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के धरतात. त्यातले २० टक्के बँक देते, ५ टक्के तुम्ही घालायचे. चाळीस लाख विक्री दाखवलीत तर दोन लाख तुमच्या खिशातून लागणार. ते कुठून आणणार, हे रिपोर्टात हवं.

सचिवताईंचा मुद्दा इथेही तंतोतंत लागू पडतो. शाखेत तुम्हाला भेटणारा अधिकारी बहुतेक वेळा मंजुरी देणारा नसतो. फाइल वरच्या प्रोसेसिंग सेंटरला जाते. तिथल्या अधिकाऱ्यानं तुम्हाला पाहिलेलं नसतं, तुमच्या हाताची चव, तुमची धडपड, काही त्याला माहीत नसतं. त्याच्यासमोर फक्त कागद.

चटणीवाली

पासबुककाका, तुमच्यासारखे साहेब मला भेटले होते म्हणून लिहितेय.

मी कारळ्याची, लसणाची, जवसाची चटणी करते. आधी घरून, आता हडपसरला छोटी जागा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून आठ लाखांचा प्रकल्प केला. शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रात चकरा मारल्या, तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. शहरी भागातल्या महिलेला २५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के घालायचे. म्हणजे माझे चाळीस हजार, बाकी बँकेचे, आणि अनुदानाचे दोन लाख. पण ते दोन लाख हातात येत नाहीत हे नीट लक्षात ठेवा! तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतात आणि मग कर्जात वळते होतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा. माझ्या ओळखीच्या एकीनं अनुदान मिळेल त्यातून पाकीटबंद करायचं मशीन घेऊ असं धरलं होतं, ती फार अडचणीत आली.

माझा पहिला रिपोर्ट एका दुकानातून बनवून घेतला होता. त्यात "राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय बाजारपेठेत मोठी मागणी" असं होतं. साहेबांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "किलोभर कारळ्याच्या चटणीला कारळं किती लागतं? भाजल्यावर घट किती?" मी घडाघडा सांगितलं. म्हणाले, "मग हे इथे का नाही?"

घरी येऊन माझी डायरी काढली. कुठलं दुकान आठवड्याला किती पाकिटं घेतं, पैसे रोख देतं की महिन्यानं देतं, श्रावणात लसणाची चटणी किती पडून राहते, सगळं त्यात होतं. ते सात पानांत लिहिलं. तीन दुकानदारांकडून त्यांच्या लेटरहेडवर "आम्ही यांचा माल घेतो, महिन्याला एवढा" असं लिहून आणलं. मराठीतच दिलं, फक्त आकड्यांचे तक्ते सीएनं करून दिले. मंजूर झालं.

दुकानातून करून आणलेल्या रिपोर्टाचे चार हजार गेले, त्याचं वाईट वाटतं. लिहिण्यासारखं सगळं माझ्याच कपाटात होतं.

पासबुक

ताई, ती दुकानदारांची पत्रं लाखमोलाची. "मोठी मागणी" या दोन शब्दांपेक्षा "दर शुक्रवारी चाळीस पाकिटं" वाचून मंजुरी देणाऱ्याचा हात लवकर उचलला जातो.

गच्चीवरचं_ऊन

चार दिवस गप्प होतो, कारण लिहीत होतो. बिबवेवाडीच्या एका सोसायटीसाठी पहिलं पान नव्यानं केलं. त्यांची बारा महिन्यांची बिलं मागून घेतली (आधी मी एकाच महिन्याचं बिल घ्यायचो, ते एप्रिलचं असलं की सगळंच फुगायचं). खाली जसंच्या तसं देतो. चुका काढा.

> आपल्या सोसायटीच्या कॉमन मीटरवर (लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे) गेल्या बारा महिन्यांत ३१,४०० युनिट वीज वापरली गेली. त्याचे बिल ५,१८,००० रुपये आले. बारा बिलांचा तक्ता पान ३ वर आहे.
>
> गच्चीच्या दक्षिणेकडील २,००० चौ. फुटांत २० किलोवॅटचा सौर संच बसतो. आपला मंजूर भार २२ किलोवॅट आहे, त्यामुळे तो वाढवावा लागणार नाही. संच वर्षाला सुमारे २७,००० युनिट वीज देईल. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन उन्हाळ्याच्या मानाने बरेच कमी होते, ते यात धरले आहे.
>
> एकूण खर्च जीएसटीसह ११,२०,००० रुपये, म्हणजे ४८ सदनिकांत प्रत्येकी २३,३३३ रुपये. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये, म्हणजे ३,६०,००० रुपये अनुदान आहे. ते संच सुरू झाल्यानंतर सोसायटीच्या खात्यात जमा होते, त्यामुळे आधी पूर्ण रकमेची सोय करावी लागेल. अनुदान आल्यावर सदनिकेमागे ७,५०० रुपये परत धरता येतील.
>
> वर्षाला अंदाजे ४,२०,००० रुपये वाचतील. स्थिर आकार आणि उरलेल्या युनिटचे बिल येतच राहील. अनुदान अजिबात धरले नाही तरी खर्च दोन वर्षे आठ महिन्यांत भरून निघतो.
>
> गच्चीला भोक पाडणार नाही. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहील. पुण्यासाठी भारतीय मानकात दिलेला वाऱ्याचा वेग (सेकंदाला ३९ मीटर) धरून ठोकळ्यांचे वजन ठरवले आहे.
>
> वाळवण आणि कपड्यांसाठी १,१०० चौ. फूट जागा मोकळी राहील. टाकीकडे जाणारी वाट मोकळी राहील. नकाशा पान २ वर.
>
> आमच्या कामात पुढील गोष्टी येत नाहीत: गच्चीचे वॉटरप्रूफिंग, आधीच्या वायरिंगची दुरुस्ती, पहिल्या वर्षानंतर पॅनेल धुणे.

ताई, हे तुम्हाला सभेत वाचता येईल का? "कंपनी राहिली नाही तर" या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसऱ्या पानावर लिहिलंय, की पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी थेट उत्पादकाकडे सोसायटीच्या नावानं नोंदवून देऊ आणि तिथला सेवा क्रमांक मीटरच्या खोलीत लावू. आम्ही अमर आहोत असं तर लिहिता येत नाही.

कोथरूडची_सचिव

वाचता येईल. मोठ्यानं वाचून पाहिलं, अडीच मिनिटं लागली. "अनुदान आल्यावर परत धरता येतील" यावर वाद होईल. परत द्यायचे की निधीत ठेवायचे हे सभेनं ठरवायचं असतं, तसं लिहा. आणि भाडेकरूवाल्या सभासदासाठी एक वाक्य घाला, की बचत देखभाल खर्चातून कमी होते, म्हणजे त्याचीही होते.

परचेसवाला_चाकण

"येत नाहीत" हा परिच्छेद पाहून बरं वाटलं. पॅनेल वर चढवायला क्रेन लागणार की जिन्यानं नेणार? तेही लिहा.

तुळई_आणि_खांब

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. धागा आज पाहिला. भोकं न पाडणं चांगलं, पण मग ठोकळ्यांचं वजन स्लॅबवर येतं. इमारत किती जुनी? वीस-पंचवीस वर्षांची असेल तर स्लॅब हे वजन पेलतो का, याचा एका पानाचा दाखला जोडा. तो खर्च तुमच्याकडे की सोसायटीकडे, तेही पहिल्याच पानावर यायला हवं. नाहीतर सातव्या मजल्यावरचे काका भोकांऐवजी वजन विचारतील, आणि तो प्रश्न रास्तच असेल.

गच्चीवरचं_ऊन

इमारत १९९८ ची आहे. दाखला आमच्या खर्चात धरतो. क्रेन नाही, जिन्यानं नेणार, चार दिवस सकाळी दहा ते पाच. तिन्ही गोष्टी घातल्या. ताईंच्या दोन्ही सूचनाही घेतल्या. पान आता दीड झालं.

चटणीवाली

दादा, पॅनेल धुवायला पाणी लागेल ना? गच्चीवर नळ आहे का त्यांच्या? आमच्या इमारतीत गच्चीवर नळच नाही, माणूस बादल्या चढवतो.

गच्चीवरचं_ऊन

दोनदा गच्चीवर जाऊन आलो, नळ पाहिलाच नाही. उद्या सकाळी जाऊन बघतो आणि नसला तर टाकीपासून लाइन ओढायचा खर्च धरतो. प्रस्ताव शुक्रवारी द्यायचा आहे, त्यांच्या समितीची बैठक रविवारी आहे.